आधीपासूनचा डाग

डागमामांनी आयुष्यात कुणावर चटकन विश्वास ठेवला नाही, आणि गंमत म्हणजे याच गोष्टीचा त्यांना पगार मिळत असे. एका मोठ्या लॉन्ड्रीत, कपडे जिथून आत येतात त्या दाराशेजारी, खिडकीला लागून एक लांबलचक टेबल होतं. त्या टेबलावर त्यांची जागा. आलेला प्रत्येक कपडा उचलायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा, उलटा करायचा, कॉलर, काखा, बाह्यांची टोकं, खालची दुमड अशी सगळीकडे बोटं फिरवायची, आणि कुठे डाग, भोक, उसवण सापडली तर तिच्या शेजारी लाल दोऱ्याचा एक टाका घालून गाठ मारायची. हा दोरा धुण्यात टिकतो, इस्त्रीत टिकतो, आणि कपडा परत जाताना गिऱ्हाइकाला सांगतो की बाबा रे, हे तुझंच आहे, आम्ही केलेलं नाही. दोरा नसेल तर कपडा आला तेव्हा चांगला होता असं लॉन्ड्री मानते. मग जे काही झालं ते आतल्या कुणीतरी केलं. लॉन्ड्रीची सगळी अब्रू त्या एका टाक्याला टांगलेली होती.

मामा इतके दोरे घालत की आत घड्या घालणाऱ्या बायका म्हणत, या माणसाने लग्नाआधी मामींनासुद्धा खिडकीत उभं करून बघितलं असणार. हे मामींच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, बघितलंच होतं, फक्त दोरा कुठे घातलाय तो मला अजून सापडलेला नाही.

यामागे कारण होतं. तरुणपणी मामा दुसऱ्या एका लॉन्ड्रीत होते. तिथे एका वकिलाचा शर्ट शाई लागूनच आला होता आणि ती शाई मामांच्या माथी मारली गेली. वकील स्पष्ट बोलला, लॉन्ड्रीचा मालक स्पष्ट बोलला, आणि मामा दारात उभं राहून "म्हणजे तसं नव्हे, पण" एवढंच म्हणत राहिले. नोकरी गेली. त्या दिवसापासून मामांनी कानाला खडा लावला. दुसऱ्याचं सगळं उजेडात धरून बघायचं, आणि आपण मात्र कुणाच्या शब्दात सापडायचं नाही. त्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. असेलही. नाही असं मी म्हणत नाही. तसं बघायला गेलं तर. एवढी वर्षं संसार करून मामींना यजमानांची आवडती भाजी, आवडतं माणूस, आवडतं काहीच ठामपणे सांगता आलं नसतं.

अशा माणसाच्या नशिबी स्पष्ट बोलण्याची शिकवणी आली.

झालं असं, की लॉन्ड्रीला एका बड्या हॉटेलचं काम मिळालं. हॉटेलात परदेशी पाहुणे उतरायचे आणि कपडे सांभाळणाऱ्या विभागाची मुख्यही परदेशीच बाई होती. तिला आपली भाषा येत नव्हती. तिची अट एकच, की कपड्यात काही खोट दिसली तर ज्याने ती पाहिली त्यानेच फोन करून इंग्रजीत नीट, स्पष्ट सांगावं. मधला माणूस नको, चिठ्ठी नको. म्हणून मालकीणबाईंनी पाळी सुटल्यावर घडीखोलीत इंग्रजीचा वर्ग सुरू केला. शिकवायला आल्या त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या वर्गात शिरतानासुद्धा "हॅलो" असं काही म्हणायच्या की पलीकडच्या टोकाला कुणीतरी बसलंय असं वाटे. पहिल्याच दिवशी त्यांची हॅलोबाई झाली.

मामांच्या मनात पाल चुकचुकली. ज्या मालकीणबाईंनी कधी घडीखोलीचा मोडका पंखा बदलला नाही त्या आपल्याला फुकट इंग्रजी शिकवतात म्हणजे यात काहीतरी असणार. त्यांनी बॉयलरवाल्याला बाजूला घेऊन विचारलं. बॉयलरवाला म्हणाला, शिकवतायत तर शिका की. मामांना वाटलं, हाही त्यांना मिळालेला दिसतोय. विचार करकरून त्यांनी एक गोष्ट पक्की केली. ज्याला इंग्रजी येईल त्याला खिडकीजवळचं टेबल मिळणार आणि त्यांना उचलून आत घड्या घालायला बसवणार.

आणि टेबलावर कुणाचा डोळा आहे हेही त्यांना कळून चुकलं. वर्गात सगळ्यात पुढे, चादरींच्या गठ्ठ्यावर, इस्त्रीखात्यातला एक तरुण बसायचा. त्याच्या हाताखालून निघालेली पँट नुसती उभी केली तरी उभी राहील अशी त्याची ख्याती, म्हणून सगळे त्याला कडक म्हणत. हॅलोबाई म्हणायच्या, "टू बी क्लिअर." कडक लगेच म्हणायचा, "टू बी क्लिअर." हॅलोबाई म्हणायच्या, "व्हॉट आय मीन इज." कडक तेही म्हणायचा, मान जराशी वाकडी करून, जणू जन्मभर तो हेच म्हणत आला होता. मागच्या गठ्ठ्यावरून मामा त्याची मान बघत बसायचे.

कडकवर मामांचा राग असण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते घरातलं होतं. मामांची एकुलती एक लेक दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं आणि पेशंटना वेळा द्यायचं काम करायची. एक दिवस मामांचा विसरलेला डबा द्यायला म्हणून लॉन्ड्रीत आली, मग दुसऱ्या दिवशी मामा डबा विसरले नसतानाही आली. काही महिन्यांनी तिने घरात सांगितलं की तिला कडकशी लग्न करायचंय. मामींना मुलगा पसंत होता. मामा म्हणाले, नाही असं मी म्हणत नाही. पोरीने विचारलं, मग हो म्हणता का. मामा म्हणाले, तसंही मी म्हणत नाही. तेव्हापासून ती गोष्ट तिथेच अडकून पडली होती, आणि पोरगी जेवताना ताटाकडे बघून जेवायला लागली होती. तिचं लग्न बापाच्या एका शब्दावर थांबलं होतं, आणि बापाला तो शब्द काही सुचत नव्हता. त्यांचा हिशेब सरळ होता. कडकला टेबल पाहिजे म्हणून तो पोरीच्या मागे आहे, किंवा पोरगी पाहिजे म्हणून टेबलाच्या मागे आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी माणूस खोटा. फक्त डाग कुठे आहे तेवढं सापडायचं बाकी होतं.

हॅलोबाई शिकवायच्या मात्र झकास. त्यांचं म्हणणं असं, की तुम्हा लोकांची अडचण इंग्रजीची नाहीच मुळी. तुम्ही आपल्या भाषेत तरी कुठे सरळ सांगता. आधी मनाशी ठरवा की तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत आणि काय नुसतं तुम्हाला वाटतंय. हे तीन वेगळे डबे आहेत, एकातलं दुसऱ्यात ओतू नका. पाहिलं असेल तर म्हणा, आय सॉ इट मायसेल्फ. वाटत असेल तर म्हणा, आय थिंक. ठाऊक नसेल तर सांगून मोकळे व्हा. एवढ्यावर अर्धा वर्ग हसला. ठाऊक नाही असं सांगून कुणाची नोकरी राहिलीय, असं एक बाई पुटपुटल्या. मामा हसले नाहीत. त्यांना त्या तीन डब्यांची भानगडच संशयास्पद वाटली. उद्या कुणी विचारलं तर माणूस आपल्याच तोंडाने कुठल्यातरी एका डब्यात जाऊन बसणार आणि वरून झाकण लागणार.

त्यातल्या त्यात त्यांना एक वाक्य मात्र मनापासून आवडलं. "द स्टेन वॉज ऑलरेडी देअर." डाग आधीपासूनच होता. हे वाक्य ऐकलं तेव्हा त्यांना तो वकील आठवला, तो शर्ट आठवला, आणि वाटलं, हे एवढंच आपल्याला तेव्हा बोलता आलं असतं तर. ते वाक्य त्यांनी पाठ करायला घेतलं. जिन्यात म्हणायचे, अंघोळीला म्हणायचे. घरी लेकीसमोर म्हणून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, शेवटचा शब्द जरा हलका म्हणा. मामांना वाटलं, ही मुद्दाम चुकीचं सांगतेय, म्हणजे वर्गात कडकचं बरोबर यावं आणि आपलं चुकावं. म्हणून त्यांनी तो शब्द आणखी जड केला. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, अहो, त्या डागाला निदान जेवताना तरी सुट्टी द्या.

एकदा हॅलोबाईंनी जोड्या लावल्या आणि नेमकी मामांची जोडी कडकशी लावली. कडकने हॉटेलवाली व्हायचं, मामांनी लॉन्ड्री. कडकने हातात उशीचा अभ्रा धरून विचारलं, हा डाग कसा पडला. मामा ठणकावून म्हणाले, ऑलरेडी देअर. कडकने विचारलं, तुम्ही स्वतः पाहिला होता का. पुस्तकातलाच प्रश्न होता, त्याने फक्त वाचला. पण मामांना तो झोंबला. हा पोरगा आपली झडती घेतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी अभ्रा खाली ठेवला आणि आपल्या भाषेत म्हणाले, मी बघत नाही असं या लॉन्ड्रीत कधी झालेलं नाही. कडकने पुस्तक मिटलं.

मग तो कोट आला.

मोतिया रंगाचा, लांब, लोकरी कोट होता, हॉटेलात उतरलेल्या कुणा बाईचा. स्वच्छ होऊन, इस्त्री होऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो हॉटेलात परत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच उलट आला. पाठीमागे, खालच्या दुमडीच्या वर, तळहाताएवढा तपकिरी डाग. लाल दोरा कुठेच नव्हता.

असा डाग दोनच तऱ्हांनी पडतो. एक म्हणजे इस्त्री जागच्या जागी राहिली आणि लोकर भाजली. दुसरी तऱ्हा जरा चोरटी. कपड्यावर साखरेचं काहीतरी सांडून वाळलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही, हाताला मात्र जरा ताठ लागतं. त्यावर गरम इस्त्री फिरली की ती साखर जळून वर येते. तो ताठपणा ओळखणं आणि तिथे दोरा घालणं हे टेबलाचं काम. तेव्हा प्रश्न एवढाच होता की चूक टेबलाची की इस्त्रीची. दोरा नव्हता, टेबलावर डागमामा होते, आणि डागमामांच्या हातून आजवर काही सुटलेलं नव्हतं. मालकीणबाईंनी कडकला बोलावून विचारलं. कडक खाली बघून म्हणाला, "माझ्याकडून तसं काही झालं नसावं." मामा दारात उभे होते. वर्गात पोपटासारखा बोलणारा पोरगा आज "नसावं" म्हणतोय हे ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की लपवता येईना. सापडला एकदाचा डाग. मालकीणबाई म्हणाल्या, उद्या सकाळी हॉटेलवाल्या बाईंचा फोन येणार आहे. त्यांना टेबलावरच्या माणसाच्याच तोंडून ऐकायचंय. मामा, तुम्ही सांगा की कोट आला तेव्हा स्वच्छ होता. म्हणजे विषय संपला. कडकला मग मला ठेवता येणार नाही.

मामा त्या संध्याकाळी शीळ घालत घरी गेले. मामींनी चमकून बघितलं, कारण ही शीळ त्यांनी लग्नानंतर ऐकलेलीच नव्हती. घरी बातमी आधीच पोचली होती. पोरगी चहाचा कप हातात धरून बसली होती आणि तो निवून गेला होता. मामांनी चप्पल काढता काढता सगळं सांगितलं, आवाजात दुःख आणायचा प्रयत्न करत. शेवटी म्हणाले, मी काही कुणाचं वाईट चिंतत नाही, पण उजेडात धरलं की दिसतंच.

पोरगी रडली नाही. तिने एकच विचारलं. "बाबा, तो कोट तुम्ही बघितला होता?"

"म्हणजे काय. टेबलावरूनच गेला ना."

"टेबलावरून गेला, ते ठीक. तुम्ही बघितला होता का?"

मामा चिडले. दवाखान्यात बसून हिला बापाला प्रश्न विचारायची सवय लागलीय, असं काहीबाही बोलले आणि हातपाय धुवायला गेले. पण पाण्याखाली हात धरून ते तसेच उभे राहिले. मामांची एक खासियत होती. एकदा हातांखालून गेलेला कपडा त्यांना आठवायचा, डोळ्यांपेक्षा हाताला जास्त. कुठल्या शर्टाचं बटण ढिलं होतं, कुठल्या चादरीचा कोपरा विरला होता, सांगून टाकायचे. त्यांनी कोट आठवून बघितला. त्याच पिशवीतला निळा झगा आठवला, त्याची काखेतली शिवण आठवली. त्यानंतरचे पांढरे शर्ट आठवले. मधला कोट काही हाताला लागेना. लोकर खरखरीत होती की मऊ, अस्तर कुठल्या रंगाचं होतं, काही नाही. त्या जागी त्यांना दुसरंच काहीतरी आठवत होतं. सकाळची वेळ, टेबलावर मोठी पिशवी, आणि आपण ओठातल्या ओठात म्हणतोय, द स्टेन वॉज ऑलरेडी देअर, द स्टेन वॉज ऑलरेडी देअर, शेवटचा शब्द जड करून.

त्यांनी नळ बंद केला. हा माणूस उभा जन्म जगावर संशय घेत आला होता. बायकोवर, लेकीवर, बॉयलरवाल्यावर, मालकीणबाईंच्या पंख्यावर. एकच माणूस त्यातून सुटला होता, आणि तो आता आरशात त्यांच्याकडे ओले हात घेऊन बघत होता.

जेवण गेलं नाही. पोरीकडे बघवेना. सकाळी उठल्यापासून त्यांनी स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. आठवत नाही म्हणजे बघितला नाही असं थोडंच आहे. शिवाय डाग इस्त्रीचाच दिसतोय. शिवाय कडक स्वतःच "नसावं" म्हणाला. एकेक कारण चांगलं होतं, पण सगळी मिळून त्यांना त्या वकिलासारखी वाटायला लागली. तोही असाच शाईचा शर्ट हातात धरून उभा होता आणि त्याच्या बोलण्यात कुठेही "पण" नव्हतं.

लॉन्ड्रीत मालकीणबाईंच्या खोलीत टेबलावर फोन होता. हॅलोबाई मुद्दाम लवकर आल्या होत्या, अडलंच तर सांगायला. दार उघडं होतं आणि बाहेर कडक भिंतीला टेकून उभा होता, कामाला लावलेलं नव्हतं त्याला. मामांना वाटलं, हा ऐकायला उभा आहे, म्हणजे उद्या पोरीला तिखटमीठ लावून सांगेल. तेवढ्यातही त्यांनी हा संशय घेऊन घेतला. सवयच होती ती.

फोन वाजला. मालकीणबाईंनी तो असा ठेवला की सगळ्या खोलीला ऐकू यावं. हॉटेलवाली बाई काय बोलली त्यातलं अर्धं मामांना समजलं, पण प्रश्न समजला, कारण तो पुस्तकातलाच होता. कोट तुमच्याकडे आला तेव्हा त्यावर डाग होता का.

मामांच्या जिभेवर दोन वाक्यं तयार होती. डाग नव्हता, आय सॉ इट मायसेल्फ. हे म्हटलं की कडक गेला, टेबल राहिलं, पोरीचा विषय मिटला. किंवा डाग आधीपासूनच होता. हे म्हटलं की लॉन्ड्री खोटी पडली, कारण दोरा नव्हता. मालकीणबाई मान हलवून खूण करत होत्या, की म्हणा, म्हणा.

"टू बी क्लिअर," मामा म्हणाले. मग थांबले. हॅलोबाईंना वाटलं शब्द अडला, त्या पुढे झुकल्या. मामांनी हाताने त्यांना थांबवलं. "आय डिड नॉट लुक. धिस वन कोट, आय डिड नॉट लुक. स्टेन देअर, स्टेन नॉट देअर, आय डोन्ट नो. माय टेबल. माय मिस्टेक."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या बाईचा आवाज आला, तिने आभार मानले आणि म्हणाली की या लॉन्ड्रीतून पहिल्यांदाच तिला सगळं समजेल असं काहीतरी ऐकू आलंय. कोटाचं ती बघून घेईल. मात्र यापुढे तिच्या हॉटेलचे कपडे बघायला दुसरा माणूस बसवावा.

हॅलोबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, हा विद्यार्थी तयार झाला. मामांना काही तयारबियार झाल्यासारखं वाटलं नाही. त्यांना भीती वाटत होती, लहान मुलाला अनोळखी घरात ठेवून आई निघून गेल्यावर वाटते तशी. त्याच दुपारी त्यांना घडीखोलीत बसवण्यात आलं. आणि ज्याची त्यांना इतके दिवस धास्ती होती नेमकं तेच झालं. इंग्रजी येतं म्हणून खिडकीजवळचं टेबल कडकला देण्यात आलं.

पुढचे काही दिवस मामा चादरींच्या चार बाजू जुळवत बसले. घडीखोलीतल्या बायकांनी त्यांना चिडवलं नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. घरी ते पोरीला म्हणाले की आता तुझ्या मनात आहे ते कर. पोरगी म्हणाली, मला तुमच्या मनात काय आहे ते हवंय. मामांनी जवळचा टॉवेल उचलून त्याची घडी घातली. त्यांना आपल्या मनाचीच खात्री उरली नव्हती. ज्या मनाने इतकी वर्षं सगळ्यांना पारखलं त्यानेच कोटाच्या दिवशी दगा दिला होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी कडक घरी आला. याआधी तो कधी उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. मामींनी बस म्हटलं तरी बसला नाही. पोरगी आतल्या दारात उभी राहिली. तिला तो येणार हे माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मामांना क्षणभर वाटलं, आता हा आपल्यावर उपकार करायला आलाय. टेबल परत देतो म्हणेल, मोठेपणा घेईल.

"मामा, कोट मी जाळला," कडक म्हणाला. "साखर वगैरे काही नव्हतं. लोकरीवर ठेवलेलं ओलं फडकं सरकलं होतं आणि माझं लक्ष नव्हतं. मला वास आला होता. मी इस्त्री उचलली तेव्हाच डाग पाहिला. माझ्या डोळ्यांनी पाहिला."

मामींनी हातातली वाटी खाली ठेवली.

पुढचंही त्याने खाली न बघता सांगितलं. त्या दिवशी मालकीणबाईंसमोर तो घाबरला होता. नोकरी गेली तर हे लग्न तुम्ही कधीच होऊ देणार नाही, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला वाटलं होतं की मामा आपलं नाव घेणार. मामांनी स्वतःचं घेतलं. त्यानंतर त्याला त्या टेबलावर बसवेना. काल संध्याकाळी त्याने मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तू आता कामावर येऊ नकोस, पुढे काय करायचं ते मी कळवते. म्हणजे बहुतेक नोकरी गेल्यातच जमा होती.

मामांना पहिल्यांदा आला तो राग. असा राग त्यांना त्या वकिलाचाही आला नव्हता. म्हणजे आपला संशय खरा होता. पहिल्या दिवसापासून खरा होता. जन्मात एकदाच त्यांनी स्वतःवर संशय घेतला, सगळ्यांसमोर मान खाली घातली, खिडकी गेली, टेबल गेलं, आणि त्या वेळी हा पोरगा बाहेर उभं राहून सगळं ऐकत होता. ते उठून उभे राहिले. पोरगी पुढे आली, आणि मामांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कडकवरचा राग होता, बापासाठी. ते बघून मामा तसेच उभे राहिले.

कोट त्यांनी बघितला नव्हता, हे काही खोटं ठरत नव्हतं. कोट त्यांनी जाळला नव्हता, हेही खरं होतं. दोन्ही खरं होतं आणि आता ते दोन्ही सगळ्यांना ठाऊक होतं. पण या पोराकडे त्यांनी पुन्हा एकदा नीट बघितलं. याने स्वतः सांगेपर्यंत याच्यावर कुणाचा संशय उरला नव्हता. मालकीणबाईंचा नव्हता, हॉटेलचा नव्हता. खुद्द डागमामांनी तो मागे घेतला होता. टेबल मिळालं होतं, पोरगी मिळाल्यातच जमा होती. गप्प बसला असता तर मरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. ज्याला कुणी पकडत नव्हतं असा माणूस आपल्या पायांनी चालत येऊन उजेडात उभा राहिला होता. असा माल मामांच्या टेबलावर कधी आलेला नव्हता.

"मला तू आवडत नाहीस," मामा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "तेव्हाही आवडत नव्हतास, आणि आज तर अजिबात नाही. माझं टेबल तुझ्या गप्प बसण्यामुळे गेलं. हे मी विसरणार नाही, आणि विसरलो असं कधी म्हणणारही नाही."

कडकने मान डोलावली.

"पण तुझ्यावर माझा संशय नाही," मामा म्हणाले. "पोरगी दिली म्हणून सांग तुझ्या घरी."

मामींनी पदर तोंडाला लावला. पोरगी भिंतीला टेकली आणि मग कुठे तिला रडू आलं. कडकला काय करावं समजेना, तो हात जोडायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. मामांना मात्र आत कसं मोकळं मोकळं, उघड्यावर पडल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं समोर माणूस आला की त्याला कुठून बघायला सुरुवात करायची हे त्यांना पाठ होतं. हा समोर उभा होता आणि याच्यात शोधायचं काही उरलेलं नव्हतं. अशा माणसाशी पुढे काय बोलतात ते त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बस."